नारळ मरायलाच हवा होता

मे महिन्यात शहागंजात स्वेटर मागणारी मुलगी ठार वेडी असणार, असं त्या दुकानदाराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी बिचाऱ्याने माळ्यावर चढून एक धुळकट लोकरी स्वेटर खाली काढला.

"मॅडम, एकच पीस बचा है."

मी एक बाही धरली. त्याच क्षणी मागून कुणीतरी दुसरी धरली.

"सोडा," मी वळूनही न बघता म्हणाले.

"तुमी सोडा. मला रोज लागतो."

"बेचाळीस डिग्रीत?"

"मी एक डिग्रीत काम करतो. चिकलठाण्याला आमचं कोल्ड स्टोरेज आहे."

आता मात्र मी वळले. उंच, उन्हाने रापलेला, आणि हसू दाबायची धडपड चाललेली... मी बाही सोडून दिली.

"स्वेटर न्या तुम्ही," मी म्हणाले. "मला फक्त ती एक डिग्री द्या."

त्याचं नाव सत्यम. माझं सोनिया. उसाचा रस पिता पिता मी त्याला सगळी हकीकत सांगितली. कुन्नूरजवळ एका डोंगरावर नवं हॉटेल होत होतं. मालकाला बागेत पाम हवे होते. तिकडची हवा एरवी मवाळ, ना फार ऊन ना फार गारठा. पण जानेवारीत पहाटे गवतावरचं दव गोठतं, आणि त्यातच पाम मरतात. कोणते टिकतील ते मी निवडायचं. निवड बरोबर ठरली, तर ती अख्खी बाग दोन वर्षं माझ्या ताब्यात. वेरूळ रस्त्यावर आमची रोपवाटिका आहे, पण ती माझ्या वडिलांची, आबांची. आबा लग्नाच्या मांडवांना पामच्या कुंड्या भाड्याने देतात आणि मी लग्न उरकलं की त्या गोळा करत फिरते. मला माझी स्वतःची बाग हवी होती. इतकी हवी होती, की काम मिळायच्या आधीच मी स्वेटर घ्यायला निघाले होते!

"पुस्तकात लिहिलेलं नसतं का, कोणता टिकतो ते?" त्याने विचारलं.

"असतं. पण ते दुसऱ्यांच्या रोपांचं. माझी रोपं मराठवाड्याच्या उन्हात वाढलीत, त्यांचं मला बघायचंय."

"आमची द्राक्षांची खोली रिकामीच आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "रोज यावं लागंल पण... बघायला."

"रोपं बघायला ना?"

"व्हय. रोपंच."

मी सहा जाती नेल्या. विंडमिल पाम, पिंडो, पंख्यासारख्या पानांचा चिनी पाम, आपल्या ओढ्याकाठची शिंदी, मांडवातला अरेका आणि एक नारळ. रोज सकाळी मी जायची. बाहेर अंगाची लाही, आणि आत शिरलं की तोंडातून वाफ! तो आपला नवा स्वेटर मला द्यायचा आणि स्वतः गोणपाट पांघरून उभा राहायचा. मी पानं तपासायची, तो मला बघायचा. मी बघितलं की घाईघाईने भिंतीवरच्या तापमापकाचा काटा बघायचा. बाहेर आलो की चिंचेच्या पोत्यांवर बसून चहा. ग्लास देताना त्याची गार बोटं लागायची आणि मी ग्लास उगाच सावकाश घ्यायची.

"जमलं तर खरंच जाणार व्हय?"

"दोन वर्षं. का?"

"काय नाय... लांब आहे लई."

आठवड्याने मी एकेक रोप उन्हाच्या कडेला मांडलं. पामला थंडी बाधली की आधी पोटातलं कोवळं पान सडतं. हलकेच ओढलं तर ते हातात येतं. मी विंडमिलचं ओढलं. घट्ट. शिंदी, पिंडो... घट्ट. चिनी पामही घट्ट. मी आनंदाने उड्या मारायचीच बाकी होते. मग अरेका — तोही घट्ट. आणि नारळ? नारळ तर मजेत होता, हिरवागार.

मी त्याचंही कोवळं पान ओढून बघितलं. घट्ट.

"सत्यम, हा जिवंत कसा?"

"चांगलं झालं की. सगळेच जगले."

"अरे, नारळ मरायलाच हवा होता! मुद्दाम ठेवला होता मी तो. तो मेला तरच थंडी खरी."

त्याचा चेहरा पार उतरला. चपलेने जमीन खरवडत तो म्हणाला, "तू गेली की मी सगळ्यांना बाहेर काढून ठेवायचो. सकाळी तू यायच्या आधी परत आत."

"काय? कशासाठी?"

"मला वाटलं... सगळे जगले तर..."

मी भयंकर संतापले. ही रोपं मी तिकडे पाठवली असती, पहिल्या हिवाळ्यात निम्मी बाग काळी पडली असती आणि माझं नाव कायमचं बुडालं असतं, असं मी त्याला सुनावलं, आणखीही बरंच काही बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी त्याच सहा जातींची ताजी रोपं आणली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. त्या आठवड्यात चहा झाला नाही. मला चहाची फार आठवण यायची... नुसत्या चहाचीच नाही.

या वेळी नारळ मेला. अरेका मेला. चिनी पामची पानं तपकिरी झाली, म्हणून तो मी बाद केला. विंडमिल, पिंडो आणि शिंदी ताठ उभी राहिली. मी मालकांना तीन नावं कळवली, का ते सांगितलं, आणि चार दिवसांनी बोलावणं आलं. जुलैत हजर व्हा.

मी किल्ली परत करायला गेले. सत्यमने काही न विचारता माझ्या कुंड्या टेम्पोत चढवायला सुरुवात केली. शिंदीचं रोप तर त्याने तान्ह्या बाळासारखं धरलं होतं. त्याचे काळजीने चालणारे हात बघताना, रागाच्या भरात जे सुचलं नव्हतं ते मला एकदम सुचलं. रोपं जगली तर मी जाणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"सत्यम, खरं बोल. मी जावं असं तुला वाटतं?"

त्याने कुंडी खाली ठेवली.

"नाय."

"आणि रोपं बाहेर काढून ठेवायचास, तेव्हा?"

"तवा पण नाय."

"मग कशाला वाचवत होतास त्यांना?"

"तुला जायचं होतं म्हणून."

माझे डोळे भरून आले. मी ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"दोन वर्षं आहेत रे," मी म्हणाले. "थांबशील?"

"आमचा धंदाच तो आहे. चिंच वर्षवर्ष सांभाळतो आमी."

"मी चिंच आहे?"

"आंबट तर आहेस लई." आता त्याने हसू दाबलं नाही. "पण मला आवडतीस."

"मलाही तू आवडतोस. उद्या घरी ये, आबांशी बोलायला."

तो दचकला. "काय सांगू त्यांना?"

"खरं तेच सांग," मी टेम्पोत चढत म्हणाले. "खोटं तुला एका आठवड्यापलीकडे टिकवता येत नाही."