नऊ किलो चारशे

बसा सर. खुर्ची जरा आत ओढा, बाहेर खताची पोती उतरवताहेत, धूळ फार. रविवारच्या गळाच्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या काल काढल्या आणि माझा साक्षीदार म्हणून तुमचं नाव निघालं. तुम्ही अकोल्याहून बदलून आलेले, आमच्या क्लबात नवीन, तेव्हा नियम समजावून सांगायचं काम सेक्रेटरीनं माझ्यावर टाकलं. बोलावलं तेवढ्यासाठीच होतं. पण आता समोर बसलात, तर सगळंच सांगतो. अंजनगावात हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नियम सोपा आहे. आपण मासा मारत नाही. गळाला लागला, जाळीत घेतला, काठावरच ताणकाट्याला लावून तोलला आणि परत तलावात सोडला. म्हणजे निकालाच्या टेबलावर दाखवायला मासा उरत नाही, उरतो फक्त साक्षीदार. तो गळवाल्याच्या मागं तीन पावलांवर बसतो. मासा वर आला की जाळी धरतो आणि मोठ्यानं एकच शब्द म्हणतो, "पायलं." म्हणजे मी पाहिलं. तो शब्द म्हटल्याशिवाय वजन कागदावर चढत नाही. कागदावर दोघांच्या सह्या. डावीकडे गळवाल्याची, उजवीकडे साक्षीदाराची. आणि गळ पाण्यात आहे तोवर मागं वळायचं नाही, साक्षीदाराशी बोलायचं नाही. बोललात की बाद.

तीन वर्षांपूर्वी मी पुंजाजीचा साक्षीदार होतो.

पुंजाजी पानपिंपळीचा मळा करायचा. इतकी वर्षं क्लबात, पण कधी तिसरा नंबरसुद्धा आला नाही. गळाला लावायच्या पिठात तो चिमूटभर कुटलेली पिंपळी मिसळायचा. त्याच्याजवळ बसलं की नाकाला झणका लागायचा, आणि आम्ही त्याची टर उडवायचो की मासे पळवून लावायचं औषध आणलंय. त्या दिवशी पहिल्या पाळीत मी सात किलोची कटला काढून सगळ्यांच्या पुढं होतो. दुसऱ्या पाळीत मी त्याच्या मागं बसलो. शेवटच्या दहा मिनिटांत त्याची काठी वाकली. कटलाच होती, डाव्या डोळ्यानं आंधळी. जाळी मीच धरली. काटा नऊ किलो चारशेवर थांबला. पुंजाजी लहान मुलासारखा हसत होता आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. "टेबलावर म्हणतो," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि मासा सोडून दिला.

टेबलावर मी सांगितलं की मला डुलकी लागली होती, मी काही पाहिलं नाही.

लाज वाटते सांगायला. एका कपासाठी. तो बघा, काउंटरच्या वर, फवारणीच्या डब्यांमध्ये ठेवलाय, तोच. पुंजाजीनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "ओमप्रकाशभाऊ, जायी तं तुमीच धरली होती ना?" मागून कोणीतरी हसलं, "पुंजाजी, बजारातून आनली होती का बे कटला?" खोटा दावा केला म्हणून क्लबानं त्याचं नाव काढून टाकलं. गावानं तर त्याचं नावच 'नऊ किलो' पाडलं. मंडीत पिंपळी तोलायला आणली की लोक विचारायचे, काय पुंजाजी, नऊ किलो का? त्याच उन्हाळ्यात तो गेला. छातीत कळ आली म्हणे. मी मातीला गेलो नाही. दुकानात माल उतरत होता, असं सांगितलं. माल उतरत नव्हता.

आता यंदाच्या जानेवारीचं ऐका.

सकाळी सहाला तलावावर पोचलो तर धुकं इतकं की हातातल्या काठीचं टोक दिसेना. माझ्या चिठ्ठीत शिवमचं नाव होतं, तो परतवाड्याचा मेडिकलवाला. तो आलेला नव्हता. मी गळ टाकून बसलो. थोड्या वेळानं मागं गवत चुरचुरलं, कोणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. गळ पाण्यात होता, म्हणून मी वळलो नाही.

सव्वासातला पहिला रोहू लागला. मागून जाळी पुढं आली. धुक्यातून नुसता दांडा दिसला, दांड्यावर एक हात.

"पायलं."

आवाज बसका होता, मफलरच्या आतून आल्यासारखा. म्हटलं, शिवमला सर्दी झाली असेल. अर्ध्या तासानं दुसरा रोहू. परत जाळी, परत तोच आवाज. पाणी अगदी निपचित होतं. पलीकडच्या काठावरचे लोक खोकायचे, ते आधी ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. तलावावर आपण दोघंच आहोत असं वाटायला लागलं.

मग वास आला.

आधी वाटलं, माझ्याच पिठाचा असेल. पीठ उचलून हुंगलं. शेंगदाण्याची ढेप आणि सातू, दुसरं काही नाही. वास मागून येत होता. कोरडा, तिखट, नाकात चढणारा. मी स्वतःला समजावलं की अंजनगावच्या माणसाच्या कपड्यांना पिंपळीचा वास येणारच. पण शिवम परतवाड्याचा आहे, हे माझ्या लक्षात होतं.

तेवढ्यात काठी वाकली. वीस मिनिटं झुंजलो. जाळी पुढं आली, मासा वर आला, आणि मी पाहिलं... डावा डोळा नव्हता. तिथं नुसतं पांढरं कातडं. काटा हलत हलत नऊ किलो चारशेवर थांबला.

मी मागून येणाऱ्या शब्दाची वाट पाहिली.

"म्हण ना," मी म्हणालो. गळ सुटला होता, आता वळायला हरकत नव्हती. मी वळलो नाही. "शिवम... म्हण ना रे."

"तुमी म्हना."

"कोण... कोण आहे?"

"जायी तं तुमीच धरली होती ना, भाऊ..."

रागानं नाही हो सर. रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. थकलेल्या माणसानं हिशोबाचं राहिलेलं काम सांगावं, तसं म्हणाला. मी म्हणालो, "पायलं. मी पायलं होतं, पुंजाजी. तवाच पायलं होतं."

खांद्यावरून एक कागद पुढं आला. माझा चष्मा धुक्यानं आंधळा झाला होता. बोट जिथं टेकलं होतं तिथं मी सही केली.

"ठेवा तुमच्यापाशी," आवाज म्हणाला. "टेबलावर तुमीच द्या."

मासा पाण्यात गेल्याचा आवाज झाला. खूप वेळानं मी वळलो. गवतावर दहिवर तसंच होतं, पांढरं, न मोडलेलं. त्यात फक्त माझी पावलं होती. मोबाइल काढून पाहिला तर सहा वाजताचा शिवमचा निरोप. 'काका, गाडी बंद पडली, येनं होत नाई.'

कागद पुसून वाचला. तारीख तीन वर्षांपूर्वीची. वजन नऊ किलो चारशे. डावीकडे पुंजाजीची सही, ते वाकडंतिकडं अक्षर मी ओळखतो. उजवीकडे माझी सही, शाई अजून ओली.

मी टेबलाकडं निघालो तेव्हा कागद द्यायचाच, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण टेबलाशेजारी शेगडी मांडून माणिकबाई चहा करत होती. पुंजाजीची बायको. तो गेल्यावर क्लबानं तिला चहाचं काम दिलं होतं, आमची दया म्हणून. तिनं कप पुढं केला. "घ्या भाऊ, गरम हाये."

सेक्रेटरीनं विचारलं, "काय ओमप्रकाशजी, किती?"

सगळे बघत होते. मी म्हणालो, "साक्षीदारच आला नाही. माझं काही धरू नका." कागद खिशात होता. मी तिच्या हातचा चहा प्यालो, कप परत दिला आणि घरी आलो.

त्या दिवशी कागद फाडून नालीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याच्या खिशात तो परत होता, ओला, पिंपळीच्या वासाचा. सह्या त्याच, तारीख तीच. वजन मात्र अकरा किलो. मग जाळला, विहिरीत टाकला, एकदा अमरावतीला जाताना बसच्या खिडकीतून सोडला. दरवेळी परत, आणि दरवेळी वजन वाढलेलं. मधे म्हटलं, जाऊन माणिकबाईलाच देऊन टाकावा. रोज संध्याकाळी तिच्या गल्लीपर्यंत जातो. हातपंपापाशी पाय थांबतात. काय तोंड दाखवू तिला? धुक्यात, कोणी बघत नसताना म्हणून झालं. चारचौघांत तो शब्द मला म्हणता येत नाही. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि एवढी हिंमत नाही.

काल सकाळी त्यावर एकसष्ट किलो होतं. परवा डॉक्टरकडं माझं वजन केलं. चौसष्ट भरलं.

आज मी तो उघडलेला नाही. हा घ्या. ओला आहे, सांभाळून उलगडा. आकडा मोठ्यानं वाचा, म्हणजे बाहेरचे हमालही ऐकतील. मग तुमच्यामागून मीही तो शब्द म्हणेन... बहुतेक म्हणेन.

काय झालं? वास येतोय ना?

नको सर, मागं वळू नका. आधी वाचा.