ताटाएवढा बर्फ पडला ती दुपार

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. माझी पणजी सिग्ने खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि हे तिने उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

अमेरिकेतलं मोंटाना. १८८७ चा जानेवारी संपत आलेला. भर दुपार.

त्या हिवाळ्यात गुरं उभ्याउभ्या गोठून मरत होती. सिग्नेचा नवरा आयविंद हरवलेल्या गायी शोधायला गेला, त्याला चार दिवस झाले होते. घरात ती आणि तिची सासू ओलाउग. दोघीच.

अचानक वारा पडला.

गोठ्यातलं हंबरणंही थांबलं...

आणि बर्फ पडायला लागला. आधी बशीएवढी, मग जेवणाच्या ताटाएवढी बर्फाची फुलं. एकेक सुटं, डुलत खाली येणारं. अंगणात टेकलं की आवाज यायचा.

थप्... थप्...

सिग्ने खिडकीशी उभी होती. फाटकाजवळचं एक फूल जमिनीपर्यंत पोचलंच नाही.

हवेतच थांबलं. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

दुसरं त्याच्या जरा खाली, डावीकडे. तिसरं उजवीकडे.

दोन खांदे... आणि वर टोपी.

त्यांच्याखाली काहीच नव्हतं. पलीकडच्या फाटकाच्या फळ्या आरपार दिसत होत्या.

“आई,” तिने सासूला हाक मारली, “इकडे या जरा.”

ओलाउगने बाहेर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “अगं, आयविंद! बापासारखा एक खांदा पाडून उभा राहतो मेला.”

“आई, त्याला पाय नाहीत.”

“चार दिवस थंडीत काढून आलाय लेकरू, आणि तू त्याचे पाय मोजत बस! हो बाजूला.”

“नका उघडू. हात जोडते तुमच्यापुढे.”

म्हातारीने तिला ढकललं. कडी काढली.

“ये रे बाळा. आत ये.”

टोपी आणि खांदे संथपणे अंगणातून सरकत आले. मागे पावलाचा एक ठसा नाही. उंबऱ्याशी पोचताच तो सगळा बर्फ धपकन खाली पडला.

दारात कुणीच नव्हतं.

फक्त चुलीजवळची खुर्ची करकरली... कुणी टेकावं तशी.

ओलाउग त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसली. डोकं पुसायला फडका घेऊन आली. सिग्ने भिंतीला चिकटून उभी.

दिवस मावळता मावळता फाटक वाजलं.

आयविंद!

पायी आलेला. दोन बोटं काळी पडलेली. पण जिवंत, शिव्या देत, भुकेला.

सिग्ने त्याच्या गळ्यात पडली. सासू मात्र जागची हलली नाही. तिने लेकाकडे पाहिलं. मग खुर्चीकडे.

“मग... हा कोण?”

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीखाली पाण्याचं थारोळं होतं. तिसऱ्या दिवशीही. आयविंदने खुर्ची फोडून चुलीत घातली. पाणी तिथेच साचत राहिलं.

ओलाउग मार्चपर्यंत टिकली. चुलीजवळच्या त्या कोपऱ्याकडे पाठ करून ती एकदाही झोपली नाही.

म्हातारपणी पणजी एवढंच म्हणायची, “‘ये’ म्हणणारी गेली. आता ‘जा’ कुणी म्हणायचं?”

घर सध्या माझ्याकडे आहे. आज सकाळीही मी त्या कोपऱ्यातलं पाणी पुसलं.

जुलै चालू आहे.