पाण्याच्या पिंजऱ्यातल्या मुंग्या

सकाळी साडेआठला फोन आला. "मॅडम, पाण्यावरचे नऊ उंदीर मेलेत." प्रयोगशाळेतला सहायक अजिनाथ.

"आज तर पाचवाच दिवस."

"म्हणून तर फोन केला."

डॉ. रेश्मा देवळाली प्रवऱ्याहून स्कूटरवर निघाली ती थेट संशोधन केंद्रावर. फाटकाजवळच्या निंबावरची गुळवेल कुणीतरी कापून नेली होती. नेऊ दे, मनाशी म्हणाली.

तीन वर्षांचं काम पणाला होतं. वीस उंदरांना आठवडा आधीपासून गुळवेलीचा अर्क, विसांना नुसतं पाणी. मग सगळ्यांच्या फुप्फुसात एकच विषाणू. अर्कवाले सावरत होते. पाण्यावरचे जाणारच होते, पण आठव्या दिवशी. एवढी घाई कुणी लावली?

"विषाणू जास्त गेला का?"

"तुम्ही शेजारीच उभ्या होता, मॅडम."

"अर्क चुकून यांना?"

"बाटलीत अर्क कालच्या खुणेवरच आहे. एक थेंब कमी नाही."

"आत कोण येतं?"

"तुम्ही, मी, भिमाजीकाका. माझ्यावर संशय असेल तर सरळ सांगा."

रेश्मा पिंजऱ्यांपाशी गेली होती. ती वाकून बघत होती. पाण्यावरच्या पिंजऱ्यांच्या पिण्याच्या नळ्यांशी मुंग्यांची रांग लागली होती. शेजारी, अर्काकडे, एकही नाही.

नुसत्या पाण्याला मुंग्या?

पिंजरे धुणारे भिमाजीकाका मागच्या ओट्यावर बसले होते.

"काका, काढ्यात गूळ किती घालता?"

म्हातारा दचकला. मग म्हणाला, "खडाभर. कडू कोन पिनार?"

"आमच्या अर्कात गूळ नसतो. म्हणून मुंग्या तुमच्याच काढ्याला आल्या. वेल फाटकाजवळची. कधीपासून पाजताय?"

"परवापासून. धापा टाकाया लागले, मॅडम. तिकडं औषध, हिकडं पानी. बघवंना."

रेश्मा त्यांच्याशेजारी बसली. ओरडायचं ठरवून आली होती.

"काका, वेल अंगातली फौज जागी करते. आधी दिली तर फौज तयार राहते. धाप लागल्यावर दिली, तेव्हा भडकलेली फौज आणखी भडकली, आपल्याच फुप्फुसावर उलटली. असं दिसतंय. म्हणून ते लवकर गेले."

काका हाताच्या रेषा बघू लागले.

"करोनात आमच्या कारभारनीला, मुक्ताबाईला, दवाखान्यात खाट न्हाई भेटली. धाप लागली तवा मी रातंदिस ह्योच काढा पाजला. माज्या हातानं. तरी गेली ती." त्यांनी तळहात मिटले. "मग तिला बी मीच…?"

उंदरावरून माणसाचं सांगता येत नाही. 'माहीत नाही' एवढंच खरं उत्तर होतं. तीन वर्षं रेश्मा विद्यार्थ्यांना तेच शिकवत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यामुळं नाही. मला पक्कं ठाऊक आहे."

काकांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, तिचा मान ठेवल्यासारखी.

"आकरा उरलेत, मॅडम. त्यांला आता काय देऊ?"

"पाणी."

"नुसतं?"

"नुसतं, काका. चला, मीही येते."