तीन रविवारांची गळती

"माझा हात गेला, काकू," मेस्त्री म्हणाले. "येत्या महिन्यात गॅरेज बंद करतोय."

रविवारची दुपार होती. खोलीभर ऊन पसरलं होतं आणि काका खुर्चीत झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी तरंगत होते. शोध काकूंनी लावायचा आणि काकांनी सोबत जायचं, अशी नवराबायकोची वाटणी होती. गल्लीलाही ती मान्य होती.

मेस्त्रींनी सगळं सांगितलं. गल्लीतल्या मास्तरांची निळी गाडी पस्तीस वर्षांची. इंजिनातून थोडं थोडं ऑइल गळायचं. एका शनिवारी मेस्त्रींनी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. रविवारी सकाळी गाडीखाली डाग! पुढच्या शनिवारी तळच्या बोल्टचा वॉशर बदलला आणि त्यासाठी काढलेलं ऑइल तेच परत भरलं. पुन्हा डाग. काल पुढचं सील नवं घातलं, तरी आज डाग होताच.

"चाळीस वर्षं गळती थांबवतोय. आता पॅकिंग नीट बसलं की नाही, तेच बोटांना कळत नाही, दुसरं काय?" मेस्त्री हात उलटसुलट करून पाहत होते. काकांना फार वाईट वाटलं.

"अहो, उठा," काकू म्हणाल्या. "चप्पल घाला."

मास्तरांच्या घराचं फाटक अरुंद होतं. डाव्या खांबावर निळ्या रंगाचा लांब ओरखडा होता. गाडीच्या शेडमध्ये कवडशांतून धूळ सावकाश फिरत होती आणि ऑइलचा जुना, गोडसर वास भरून राहिला होता. इथे बसलं तर संध्याकाळपर्यंत उठूच नये, असं काकांना वाटलं.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. इंजिन पांढऱ्या पावडरीने माखलेलं होतं. "काल भुरभुरली. जिथून गळेल तिथे ओघळ उमटतो."

"उमटला?"

"कुठला! सगळी कोरडी. गळती शोधायचंही जमेना मला."

काकूंनी ऑइलची मोजपट्टी ओढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं, डांबरासारखं काळं. जमिनीवरचा डाग मात्र मधाच्या रंगाचा होता. काकांना तो रंग इतका आवडला की ते बघतच राहिले.

फळीवर दोन सारखेच डबे होते. एकावर पेन्सिलीने पुसटसं 'जुनं' लिहिलेलं.

"मास्तरांचं अक्षर," मेस्त्री म्हणाले. "गाडीतून काढलेलं ऑइल ते बिजागऱ्यांसाठी ठेवतात. शेजारच्या डब्यात नवं."

"शेडची किल्ली?"

"स्वयंपाकघरात खिळ्याला. कोणीही घ्यावी."

स्वयंपाकघरात मास्तरीणबाई सहलीसाठी भरलेला जेवणाचा डबा रिकामा करत होत्या. "तीन रविवार तळ्यावर जाणं झालं नाही हो. मी सहाला तयार होते, आणि हे शेडमधून येऊन सांगतात, गळतंय. तिथे घटकाभर बसले की माझा आठवडा निघतो."

तिथेच बसलेला त्यांचा भाऊ हसला. "भावजींची गाडी मी मागितलीय, खोटं कशाला बोलू? पण महिनाभर बाहेरगावी होतो. आज नऊच्या एसटीने आलो, ताईच रिक्षाने घ्यायला आली होती."

मास्तरांनी स्वतः चहा ओतला. कपाच्या आत बोटाचं टोक धरलं आणि चहा बोटाला लागताच थांबले. "मेस्त्रींचा दोष नाही," ते हळू म्हणाले. "गाडीच म्हातारी झालीय."

चहा संपल्यावर काकूंनी सगळ्यांना शेडमध्ये नेलं.

"मेहुण्यांनी केलं!" काका घाईने म्हणाले.

"अहो, ते नऊला आले, डाग सहाचा." काकू मेस्त्रींकडे वळल्या. "मेस्त्री, तुम्ही तीनदा इंजिनात पाहिलंत. एकदा खाली जमिनीवर पाहा. गाडीतलं ऑइल काळं, डाग मधाच्या रंगाचा. पावडर कोरडी, पट्टीवर ऑइल पुरेपूर. हे इंजिनातून आलेलंच नाही, डब्यातून ओतलंय. गळती तुम्ही पहिल्याच शनिवारी थांबवलीत."

मेस्त्री स्टुलावर बसले आणि वाकून डागाकडे पाहू लागले.

"मास्तरीणबाईंना तर तळ्यावर जायचंय. उरलं कोण? गाडीतून काय रंगाचं गळतं हे ज्याला पक्कं ठाऊक, तो 'जुनं' लिहिलेला डबाच उचलेल. मास्तर, तुम्हीही तोच उचललात, असं तुम्हाला वाटलं. पण स्वतःचं अक्षर तुम्हाला वाचता आलं नाही, आणि जमिनीवर काय सांडलं तेही दिसलं नाही. चहा तुम्ही बोटाने मोजता. आणि फाटकाचा खांब..."

मास्तरांनी चाचपत गाडीच्या दारावर हात टेकवला.

"खांब दिसलाच नाही मला," ते म्हणाले. "तिथे माणूस असता तर? पण हिचं तळं माझ्या डोळ्यांपायी बंद झालं, हे सांगायचा धीर होईना. म्हटलं, गाडीवर ढकलावं."

"तळं गेलं खड्ड्यात!" मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सांगायचं होतंत."

"आणि मला," मेस्त्री म्हणाले. "तीन आठवडे या हातांना शिव्या घालतोय मी."

मास्तरांनी मान खाली घातली. "चुकलो, मेस्त्री. माफ करा."

मेस्त्री घुश्शातच उठले. त्यांनी बॉनेट लावलं. "ऊन आहे अजून. द्या गाडीची किल्ली, तळ्यावर मी नेतो. गॅरेजमध्ये कामं तुंबलीत, उद्यापासून लागायचंय; आजच काय तो मोकळा आहे."

मास्तरांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली. ती मेस्त्रींच्या पसरलेल्या हातापासून वीतभर बाजूला, हवेतच थांबली. मेस्त्रींनी हात सरकवला आणि किल्लीच्या खाली धरला.