आधी आक्काला

पेशवाईच्या भरातली गोष्ट. कसबा पेठेत हिंदुराव नावाचा एक शिलेदार राहायचा. बायको बायडा गेल्यावर त्यानं लगोलग धायरीची सरू करून आणली आणि अंगाची हळद उतरायच्या आत तिला सोनाराकडे घेऊन गेला. काम साधंच होतं. पहिली बायको सवाष्ण मेली, तर दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधायचा, ही रीत. नाहीतर मेलेली सवत नव्या बायकोला नांदू देत नाही म्हणतात. सोनारानं नखाएवढ्या पत्र्यावर बाईचं रूप उठवलं, ते काळ्या दोऱ्यात ओवलं आणि सरूनं गळ्यात घातलं.

हिंदुरावानं वाटेतच बजावलं, "नवं लुगडं असू दे, ताटातला पैला घास असू दे. जे काय तुझ्या वाट्याला येईल ते आधी बायडाला दाखवायचं. 'आक्का, आधी तुमाला' म्हणायचं, मग तू घ्यायचं. चुकलीस तर चामडी सोलीन."

काय माणूस पाहा! बायडा जिवंत होती तेव्हा हा घोड्याला थोपटायचा आणि बायकोला चाबकानं फोडायचा. शेवटी ती परसातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे! शेजारच्या आनंदीबाईंना भिंतीपलीकडचा चाबूक रोज ऐकू यायचा. पण हिंदुरावाच्या घरातून ओरडा आला की ज्यानं त्यानं आपापल्या दाराची कडी लावून घ्यायची, एवढाच त्या गल्लीचा शहाणपणा. जितेपणी जिला कोणी विचारलं नाही, तिला मेल्यावर रोज पहिला घास. संताप येतो नुसता.

सरूच्या वाट्याला तोच चाबूक आला. भाकरी करपली म्हणून, घोडा खोकला म्हणून, कधी कशासाठीच नाही. एकदा सोसेना तेव्हा ती आनंदीबाईंकडे धावली. त्यांनी पाठीला तेल लावलं, पण आधी दार लोटून घेतलं.

"सोस बाई," त्या हळूच म्हणाल्या. "बायडाही सोसतच होती."

"मंग काय झालं तिचं?"

आनंदीबाई तेलाची वाटी उचलून आत गेल्या.

मग एके दिवशी दिवेलागणीला आमटी खारट झाल्याचं निमित्त झालं. हिंदुरावानं खुंटीवरचा चाबूक काढला. पळायला जागा नव्हती. सरू टाक मुठीत धरून कोपऱ्यात बसली आणि रोजच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आक्का, आधी तुमाला..."

चाबूक सुटला. आवाज झाला. पण सरूच्या पाठीवर काहीच आलं नाही. मुठीतला टाक गार पडत चालला होता, आणि चुलीच्या धुरातून शेवाळाचा वास येऊ लागला. हिंदुरावानं पुन्हा हात उगारला.

"आक्का, आधी तुमाला." या खेपेला ती जाणून म्हणाली.

या खेपेला कळवळला तो हिंदुराव. त्याच्या अंगरख्याच्या पाठीवर लाल पट्टा उमटला. त्यानं गर्रकन वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. चाबूक त्याच्या हातून गळून पडला, तरी पुढचा फटका बसलाच.

"काढ... काढ तो टाक..."

"कसा काढू, धनी? नेम तुमीच घातलाय न्हवं? जे काय वाट्याला येईल ते..."

तो परसात धावला. आवाज त्याच्या मागोमाग गेला. सरूनं दोरा तोडला असता, तर कदाचित तो वाचलाही असता. नाही तोडला तिनं. का तोडावा? हिंदुराव गुरासारखा ओरडत होता, शेजाऱ्यांना नावानिशी हाका मारत होता. गल्लीनं आपली रीत पाळली. एकामागून एक कड्या लागल्या, त्या सरूला चुलीपाशी बसून स्वच्छ ऐकू आल्या.

सकाळी तो परसात मरून पडलेला दिसला. सगळं अंग वळांनी भरलेलं, केस पाण्यानं थबथबलेले. घोड्यानं तुडवलं, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

त्याचे दिवस उरकल्यावर एका दुपारी आनंदीबाई मागच्या दारानं आल्या. नवऱ्याच्या मारानं ओठ सुजलेला होता, तो त्यांनी पदरानं झाकला होता.

"सरू, तुझा तो टाक... मला देशील?"

सरू चरकली. त्या संध्याकाळचं ती कोणापाशीच बोलली नव्हती. "तुमाला कुनी सांगितलं?"

"बायडानं. आत्ता तुमच्या विहिरीपाशी उभी होती. म्हणाली, सरूकडून मागून घे."

सरूचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. उघड्या दारातून परसातलं ऊन दिसत होतं. तिनं अगदी हळू विचारलं, "एकलीच हुती?"

"नाही गं... पुष्कळ जणी होत्या, अशाच विहिरीत गेलेल्या. सगळ्या ओल्या." आनंदीबाईंचा पदर ओठावरून सुटला. "आणि सरू... त्यांच्यात मी मलाच पाहिलं."