शुवैखमधला काचेखालचा खड्डा

आदित्य, तो मोबाईल उलटा ठेव बघू, उजेड डोळ्यांवर येतोय. आणि श्वेता, नंतर तंबूबाहेर एकटीनं जायला घाबरलीस तर मला उठवायचं नाही, आधीच सांगतो. ही काही कानावर आलेली भुताटकी नाही. माझ्या जुन्या दोस्तानं, मोरेश्वरनं, स्वतः मला सांगितलंय, माझ्या घरी बसून.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा गुरुवार. मोरेश्वर एक जुना फोटो द्यायला आपल्या कुवेतातल्या शुवैखला निघाला होता. तुम्हाला शुवैख म्हणजे कॉफी, चित्रांची प्रदर्शनं आणि ते मुद्दाम गिलावा न केलेले खांब! अरे, आमच्या वेळी तिथे नुसतं उभं राहिलं तरी शर्टाला ग्रीस लागायचं. टायरच्या थप्प्या, वेल्डिंगच्या ठिणग्या, कानठळ्या बसवणारी ठोकाठोकी. तिथल्याच एका गॅरेजात मोरेश्वर सुपरवायझर होता. आता त्या जागी कॅफे होत होता. तो सजवणारी क्षितिजा, पुण्याची आर्किटेक्ट पोरगी, तिला भिंतीवर जुन्या कामगारांचा फोटो हवा होता.

तो पोचला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. कामगार निघून गेलेले, आत ती एकटीच. तिनं मोठ्या हौसेनं त्याला दाखवलं. गाडीखाली उतरून काम करायचा जुना खड्डा तिनं बुजवला नव्हता. वर जाड काच टाकली होती, आत दिवे सोडले होते. लोक त्यावर खुर्च्या टाकून कॉफी पिणार.

मोरेश्वर काचेच्या अलीकडेच थांबला.

"काका, या खड्ड्यात कुणी हमजा म्हणून वारले होते ना? त्यांचं नाव फोटोखाली लिहायचंय. नक्की काय झालं होतं?"

हमजा दापोलीकडचा. दोघं एका ताटात जेवलेले. गॅरेजची रीत अशी, की खड्ड्यातला माणूस बाहेर आला की पान्यानं लोखंडी कडेवर दोनदा ठोकणार, मगच वरचा गाडी हलवणार. त्या दिवशी मोरेश्वर घाईत होता. थांबला नाही. गाडी पुढे घेतली, आणि हमजा अजून पायऱ्यांवरच होता. पोलिसांना यानं सांगितलं, दोन ठोके मी ऐकले. बायको नुकतीच कुवेतला आलेली, भीतीनं खोटं तोंडातून गेलं ते गेलंच. खापर मेलेल्याच्या डोक्यावर फुटलं. हमजाची म्हातारी अजून म्हणते, "माझा पोरच धांदरट." मोरेश्वर दर सुट्टीत तिला भेटायला जायचा आणि खाली मान घालून हे ऐकून घ्यायचा. लाज वाटायची, पण तोंड उघडायचा नाही.

आणि त्या रात्रीही तो तेच म्हणाला. "त्यानंच ठोकलं गं. मी ऐकलं ना. चूक त्याचीच."

क्षितिजाचा फोन वाजला. ती बोलत बाहेर गेली.

ठक्.

खालून आला आवाज. काचेवर नाही... लोखंडावर.

मोरेश्वरनं वाकून पाहिलं. दिवे. पायऱ्या. कुणी नाही.

तो दुसऱ्या ठोक्याची वाट बघत उभा राहिला. तेव्हा थांबला नव्हता. आता थांबला. घाम कानामागून उतरत होता... दुसरा ठोका येईना.

"हमजा," तो पुटपुटला, "ठोक रे बाबा..."

काही नाही.

"काका, बरं वाटत नाही का?" क्षितिजा दारात होती.

खरं अगदी ओठांवर आलं होतं. एवढंच सांगायचं होतं, चूक माझी. "काही नाही," म्हणाला, आणि निघाला. घरी जाऊन ढसाढसा रडला.

शनिवारी त्यानं गाडी पहिलं ऑइल बदलायला अर्दियाच्या गॅरेजात नेली. नवीन गाडी, महिनाही झाला नव्हता. लिफ्टवर चढवली. खाली शिरलेला मिस्त्री थबकला.

"साब... इसके नीचे कौन था?"

मोरेश्वर वाकून आत गेला.

पुढच्या बंपरच्या खालच्या अंगाला... काळ्या तेलाचे दोन पंजे. बोटं फाकलेली. येणारी गाडी मागे रेटावी, तसे.

मिस्त्रीनं एकावर बोट टेकवलं. तेल अजून ओलं होतं.