वगळलेलं परांचन

लिफ्टचं दार मिटता मिटता एक बूट मध्ये आला. मागोमाग बुटाचा मालक.

"तेरा दाबता, प्लीज? माझे हात... गुंतलेत."

तळहातावर पितळी चौकटीत एक जड चकती गरगरत होती. कललेली. आता पडली, आता पडली म्हणावं... आणि पडत नव्हती. तिच्या दांडीचं वरचं टोक हवेत सावकाश गोल काढत होतं.

ईशानीनं तेरा दाबलं. तिलाही तिथंच जायचं होतं.

"पडत का नाही हे?"

"फिरतंय म्हणून. पडायच्या ऐवजी असं वळत राहतं. याला परांचन म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आत्तापर्यंत मी एकटाच. आता तुम्ही धरून दोघं."

शारजा, १९९८, ऑगस्टमधला शुक्रवार. तेराव्या मजल्यावर शोभनाकाकूंकडे दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मराठी मंडळाचा दिवाळी अंक शिजायचा आणि ईशानी त्याची संपादक. बूटवाल्याचं नाव दत्तप्रसाद. हमरिया बंदरात जहाजांना दिशा दाखवणारे जायरो कंपास दुरुस्त करायचा. सगळे त्याला डीपी म्हणत. ईशानी मात्र हट्टानं पूर्ण नाव घ्यायची. का, ते विचारू नका.

त्याचा पहिला लेख आला, त्यात तो शब्द जिकडेतिकडे! 'गेली अकरा वर्षं काका-काकू पुढच्या वर्षी कायमचे भारतात परत जाणार आहेत. या तारखेचं परांचन...' 'बिर्याणी खाणार नाही या निश्चयाचं परांचन...'

ईशानीनं लाल पेन काढलं. "शास्त्रातला शब्द असा वाटेल तिथं सांडायचा नसतो, दत्तप्रसाद."

"मग कुठं सांडू?"

"जे कललंय, फिरतंय आणि तरी पडत नाही, तिथंच."

"म्हणजे माझ्यावर चालेल."

तिनं मान खाली घातली. लाल पेन कागदावर नुसतंच टेकून राहिलं... मोठ्ठा ठिपका पडला.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रुफं जोडीनं तपासायची. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट फिरवायचं. ऑगस्टभर, सप्टेंबरभर ती वाचायची, त्याचं बोट फिरायचं. "तिला स्वल्पविराम वाटलं पूर्णविराम," अशा वाक्यांवर दोघं हसायची आणि बाकीच्यांना कळायचं नाही, यात हसण्यासारखं काय!

आणि मग—

मग उर्वी आली. पुण्याहून, बहिणीकडे. नोकरी शोधायला. आवाज असा की भाजीची यादी वाचली तरी ऐकत बसावं.

"आजपासून उर्वी वाचेल, डीपी बोट फिरवेल," शोभनाकाकूंनी फर्मान काढलं. "ईशानी, तू कॉम्प्युटर सांभाळ. यल्ला, चला, लागा कामाला!"

ईशानी कॉम्प्युटर सांभाळू लागली. पाठ त्यांच्याकडे, कान त्यांच्याकडे. उर्वी हसली की हिच्या हातून चुकीचं बटण. तो हसला की सबंध ओळ गायब. छान आहे मुलगी, ती स्वतःला सांगायची. मदत करते. केस छान. दात तर... जाऊ दे दात!

ऑक्टोबरात त्याचा शेवटचा लेख आला. शेवटचा परिच्छेद असा होता:

'पृथ्वीचा आसही असाच वळतो. हजारो वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी दुसरा तारा होता, पुढं आणखी कुणी असेल. माणसाचंही असंच होतं. मन एका ताऱ्यावरून सुटतं आणि त्याला कळायच्या आत दुसऱ्याकडे वळलेलं असतं.'

दुसऱ्याकडे.

ईशानीनं तो परिच्छेद टाइपच केला नाही. खलास.

पण जळणाऱ्या माणसाला पुढचं सुचत नाही. शुक्रवारी उर्वीच्या हातात मूळ हस्तलिखित होतं. तिनं त्या गोड आवाजात तो परिच्छेद वाचला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "...दुसऱ्याकडे वळलेलं असतं. पूर्णविराम."

"थांब," दत्तप्रसाद म्हणाला. त्याचं बोट कोऱ्या कागदावर होतं. "हे इथं नाहीच. ईशानी, हा परिच्छेद?"

"जागा नव्हती."

"अर्धं पान रिकामं आहे."

कुणीतरी खोकलं. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. ईशानी उठली आणि बाल्कनीत गेली.

तो मागून आला. एसीतून त्या दमट वाफेत पाऊल टाकताच त्याच्या चष्म्यावर धुकं चढलं.

"काही दिसत नाहीये मला," तो म्हणाला.

"बरंय. तसाच राहा."

"का काढलास?"

खाली गाड्या पुसणाऱ्यांच्या बादल्या वाजत होत्या. ईशानीनं कठडा घट्ट धरला. "आधीचा तारा कोण होता ते मला माहीत नाही. पण तो तारा मीच असेन तर... ते तिच्या आवाजात मला ऐकायचं नव्हतं. झालं? जळते मी. शुक्रवार आला की सकाळपासून जळते. तिच्या दातांवरसुद्धा जळते."

"दातांवर?"

"हसू नकोस!"

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फार लहान आणि घाबरलेला दिसला.

"आधीची रत्नागिरीला होती. तिचं लग्न झालं. तिच्यासाठीच परत जायचं म्हणून दोन वर्षं पैसे साठवत होतो. हे तुला पहिल्याच शुक्रवारी सांगायला हवं होतं... नाही सांगितलं. भीती वाटली."

"आणि नंतरची?"

"नंतरची मला पूर्ण नावानं हाक मारते. आणि माझे परिच्छेद उडवते."

 

"उर्वी?" तिनं अखेरचं विचारून घेतलं.

"ती स्वल्पविराम फार छान वाचते," तो म्हणाला. "पण मी चुकतोय की नाही, ते मला तुझ्याच तोंडून कळतं."

ईशानीनं त्याच्या हातातून चष्मा घेतला, ओढणीनं पुसला, त्याच्या नाकावर नीट बसवला. बोट जरा जास्तच वेळ कानाशी रेंगाळलं.

मग ती आत गेली. सगळी खोली काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं कागद चाळत होती. काकूंच्या हातातला कागद उलटा होता.

"उर्वी," ईशानी म्हणाली, "सरक गं जरा. ही जागा माझी आहे."